जुने आगीचे बंब आणि त्यांचें जतन

विद्यार्थिमित्रहो, न्हाणीपाशीं पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेला असेल. आणि घंटा वाजवीत आग विझविण्यास धांवणाऱ्या लाल गाडीसही आपण बंबच म्हणतों. एकाचें काम पाण्याच्या पोटांत विस्तव ठेवण्याचें, तर दुसऱ्याचें विस्तवावर पाणी सोडण्याचें! शब्द मूळचा पोर्तुगीज असून त्याचा अर्थ पाणी उपसण्याचें यंत्र असा आहे. तेव्हां आगीच्या गाडीसच तो अधिक शोभतो, कारण तिचा खरा प्राण म्हणजे तिच्यांतील पंप. चाकें, शिडी, घंटा हीं सारीं त्या पंपाच्या सेवेस असतात.

असा बंब सेवेतून निवृत्त झाला म्हणजे त्याचें काय करावें, हा आजच्या लेखाचा विषय आहे. अमेरिकेंत व युरोपांतील कांहीं देशांत लहान गांवचे रहिवासी वेतन न घेतां आपल्या गांवचें अग्निशामक दल चालवितात. बेंजामिन फ्रँकलिन यानें १७३६ सालीं फिलाडेल्फिया शहरीं असें एक स्वयंसेवक मंडळ स्थापन केलें होतें. तरुण मंडळी गांव सोडून जाऊं लागली, किंवा शेजारच्या शहराच्या पगारी दलानें काम आपल्याकडे घेतलें, म्हणजे असें एखादें मंडळ बंद पडतें आणि त्याचे बंब तसेच छपरींत उभे राहतात. पुढें कोणी भंगारवाला येतो, अथवा जुन्या यंत्रांचा कोणी शौकीन येतो. दोघांपैकीं आधीं कोण येईल, यावर त्या बंबांचें नशीब अवलंबून असतें.

आपल्याकडे ही स्वयंसेवकांची चाल फारशी रुजली नाहीं. येथले बंब नगरपालिकांचे, बंदरांचे, गिरण्यांचे किंवा रेल्वेचे असत. त्यांतील एकाशीं आपल्या मुलुखाचें दूरचें नातें आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत तुळजापूर हें हैदराबाद संस्थानांत होतें, हें तुम्हीं इतिहासांत वाचलें आहे. आपल्या जिल्ह्याचें उस्मानाबाद हें जुनें नांवही त्याच राजवटीचें. त्या संस्थानाच्या निजाम रेल्वेकडे एक मोटार-बंब होता. इंग्लंडांत मँचेस्टरलगतच्या सॅलफर्ड गांवच्या जॉन मॉरिस आणि सन्स या कारखान्यानें तो १९१४ सालीं बांधला. आज तो दिल्लीस चाणक्यपुरींतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे. हें संग्रहालय १९७७ सालीं उघडलें. दिल्लींत स्टेट्समन वृत्तपत्रातर्फे जुन्या मोटारींची जी फेरी निघते, तींतही हा बंब आपल्या भरीव रबरी धावांच्या चाकांवर अनेकदां चालत गेलेला आहे. सहलीस दिल्लीस जाणाऱ्यांनीं लाल किल्ल्याबरोबर यासही थोडा वेळ द्यावा, अशी माझी शिफारस आहे.

आतां प्रश्न असा कीं, इतकें वयोवृद्ध यंत्र चालवावें कीं नुसतें मांडून ठेवावें? यावर जाणत्यांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, चालविलें कीं झीज होते. झिजलेला भाग बदलावा लागतो. आणि असे भाग बदलतां बदलतां शेवटीं मूळचें यंत्र राहतें तरी किती? दुसरा म्हणतो, न चालणाऱ्या यंत्राचे दट्टे जागच्या जागीं धरतात, रबर तडकतें, आणि आंतल्या आंत गंज चढतो. मला दुसरा पक्ष पुष्कळसा मान्य आहे, आणि त्याचें कारण शिक्षकाचें आहे. उभ्या बंबावरून मूल त्याचा रंग शिकतें. चालत्या बंबावरून पदार्थविज्ञान शिकतें.

उदाहरणार्थ, हातानें चालविण्याचा जुना पंप घ्या. त्यांत दोन नळकांडीं असतात. एकाचा दट्टा वर जातो तेव्हां दुसऱ्याचा खालीं येतो. तरीसुद्धां पाणी धक्क्याधक्क्यानेंच यावयाचें. म्हणून मधोमध हवेची एक बंद कोठी बसविलेली असते. पाण्याच्या जोरानें तींतील हवा दबते, आणि दट्ट्यांचा जोर क्षणभर कमी पडला कीं तीच हवा फुगून पाण्यास पुढें लोटते. त्यामुळें धार अखंड राहते. पुढें १८२९ सालीं लंडनमध्यें ब्रेथवेट व एरिक्सन यांनीं वाफेवर चालणारा बंब केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारीच्या एंजिनानें वाफेची जागा घेतली. तथापि एक मर्यादा तीनही प्रकारांत तीच राहिली. पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों, पण वस्तुतः बाहेरच्या हवेचा दाब तें वर ढकलीत असतो. आणि हा दाब समुद्रसपाटीवरही पाण्यास सुमारें १० मीटरांहून वर चढवूं शकत नाहीं. प्रत्यक्षांत तर ७-८ मीटरांवरच थांबावें लागतें. आपलें गांव बालाघाटाच्या पठारावर वसलेलें, म्हणजे येथें हवेचा दाब आणखी थोडा कमी. उन्हाळ्यांत विहिरी खोल जातात, तेव्हां कांठावर उत्तमांतला उत्तम बंब आणून उभा केला तरी तो तळचें पाणी उचलूं शकणार नाहीं! याकरितां बंबाबरोबर पाण्याची टांकी लागते, किंवा विहिरींतच पंप सोडावा लागतो. हें सूत्र वर्गांत घोकण्यापेक्षां नळी पाण्यांत सोडून एकदां पाहिलें तर जन्मभर विसरणार नाहीं.

मात्र चालवावयाचें तें बेतानें. पाणी सोडून झाल्यावर पंप पूर्ण रिता करावा. आंत राहिलेलें पाणी लोखंड खातें. कापडी नळ्या ओल्या गुंडाळल्या तर कुजतात. म्हणूनच पुष्कळ जुन्या अग्निशामक ठाण्यांत नळ्या टांगून वाळविण्यासाठीं उंच मनोरा बांधलेला आढळतो. लांकडी शिडी दोन टोकांवर ठेवली तर मध्यें वांकते. तिला मध्यंतरींही टेकू द्यावे, आणि शोभेच्या शिडीवर कोणीं चढूं नये. जुना लाल रंग खरवडूं नये. एक तर त्याखालीं आधींच्या नांवांचीं अक्षरें असतात, आणि दुसरें असें कीं, जुन्या रंगांत पुष्कळदां शिसें असतें. त्याची धूळ पोटांत गेली तर विषारी.

पितळेविषयीं माता-भगिनींशीं मला थोडा वाद घालावयाचा आहे. सणाच्या आधीं समया व घागरी चिंचेनें घासून त्या लखलखीत करण्याची आपली रीत चांगली. पण बंबाच्या पितळेस ती लावूं नये. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. आंबटाचा मारा वारंवार झाला कीं जस्त आधीं निघून जातें आणि वर तांबूस, सच्छिद्र थर राहतो. शिवाय कारखान्याच्या नांवाची पितळी पाटी दर आठवड्यास घासली तर कांहीं वर्षांनीं तीवरील अक्षरेंच नाहींशीं होतात. मऊ कापडानें पुसावी, एवढें पुरे.

आतां ज्यांचें जतन करण्याची संधीच उरली नाहीं, अशा बंबांकडे वळूं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन नांवाचें जहाज उभें होतें. त्यावर कापसाच्या गांठी होत्या आणि सुमारें १,४०० टन दारूगोळाही होता. दुपारीं धूर दिसला. बंब आले, आणि मुंबईच्या अग्निशामक दलाचे जवान जहाजावर पाणी सोडीत राहिले. चार वाजून गेल्यावर थोड्याच वेळांत पहिला स्फोट झाला, व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. दलाचे ६६ जण मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. गोदींतील ते बंब मोडून जळून गेले, त्यांचें पितळ घासावयास कोणासच मिळालें नाहीं. पण त्या दुपारची हकीकत आपणांस जवळजवळ घटकेघटकेची ठाऊक आहे. ती कशी? तर सरकारी चौकशी झाली, जे वांचले त्यांनीं सांगितलें, आणि तें कोणीं तरी लिहून ठेवलें, म्हणून.

यावरून माझें मत असें बनलें आहे कीं, एखादें दल किंवा ठाणें बंद होतें तेव्हां बंबाच्या आधीं त्याच्या नोंदवह्या वांचवाव्या. बंब डोळ्यांत भरतो. त्याच्यासाठीं धांवणारा कोणी तरी निघतो. वर्दी किती वाजतां आली, कोण कोण गेलें, पाणी कोठून घेतलें, कोणास दुखापत झाली, हें ज्या वहींत लिहिलें असतें ती मात्र मुकाट्यानें रद्दींत जाते. मग संग्रहालयांत उभ्या असलेल्या बंबावर हात ठेवून आपण विचारलें कीं, हा कोणाच्या घरासाठीं धांवला, तर सांगणारें कोणी नसतें.

तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं आजोबांची, चुलत्यांची अशी एखादी वही किंवा बंबापुढें उभें राहून काढलेला फोटो असेल, तर पुढील काळजी घ्यावी. वहींतल्या लोखंडी टांचण्या हलक्या हातानें काढाव्या, कारण त्यांचा गंज कागदांत उतरतो. वही धुतलेल्या सुती फडक्यांत गुंडाळून कोरड्या कपाटांत आडवी ठेवावी, आणि पावसाळा संपतांच उघडून कसर लागली आहे काय तें पाहावें. फोटोंतील माणसांचीं नांवें घरांतील वडीलधाऱ्यांना आजच विचारावीं, व फोटोच्या पाठीमागें कडेला, मऊ पेन्सिलीनें व हात न दाबतां लिहावीं. शाईनें लिहिलें तर कालांतरानें ती पुढच्या बाजूस चेहऱ्यांवर उमटते.