पाण्याला झोका देताना

पाण्यातून हायड्रोजन काढताना साधा डीसी न देता ठरावीक फ्रिक्वेन्सीचे पल्स द्यायचे, कॉइल आणि पाण्याचा सेल रेझोनन्समध्ये आणायचे, म्हणजे थोड्या विजेत भरपूर वायू मिळेल. ही कल्पना घेऊन पनवेलमध्ये माझ्याकडे मुलं येत राहतात. कोणी डिप्लोमाचं, कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं, मधूनच हायवेवरचा एखादा ट्रकमालकही. इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि या प्रश्नात मला आजही मनापासून रस आहे. त्यांच्यासोबत टेबलावर बसून जे समजलं, ते क्रमाने मांडतो.

१. रेझोनन्स काय देतो आणि काय देत नाही

झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो. कॉइल आणि कपॅसिटरचंही तसंच आहे. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर कपॅसिटरच्या टोकांना शंभराहून जास्त व्होल्ट दिसू शकतात, आणि ऑसिलोस्कोपवर ती लाट पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचे डोळे चमकतात. ते मला आवडतंच. पण झोक्यात साठलेली सगळी ऊर्जा धक्के देणाऱ्याच्या हातातून आलेली असते. व्होल्टेज वाढलं म्हणजे ऊर्जा वाढली असं नाही. एवढं पक्कं झालं की पुढचं सोपं जातं.

२. पाणी हा फार गळका कपॅसिटर आहे

पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०च्या आसपास, म्हणून ते उत्तम कपॅसिटर असावं असं वाटतं. गणित करून पाहू. दहा सेंटिमीटर बाजूच्या दोन चौरस स्टीलच्या पट्ट्या दोन मिलिमीटर अंतरावर ठेवल्या, तर मधल्या पाण्याचा कपॅसिटन्स साडेतीन नॅनोफॅरड येतो. ५० किलोहर्ट्झला त्याचा विरोध सुमारे ९०० ओहम. आता नळाच्या पाण्याची वाहकता २०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली, तर त्याच दोन पट्ट्यांमधला साधा रोध येतो फक्त १० ओहम. म्हणजे करंटचा बहुतेक सगळा भाग रोधातून जाणार, कपॅसिटरच्या वाट्याला नव्वदावा हिस्सा. असा सेल रेझोनन्समध्ये यायचा कसा? पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकलं की रोध आणखी कितीतरी खाली येतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरलं तर लाट जरा बरी दिसते, पण मग वायूही जवळजवळ निघत नाही.

मुलांना मी हे गणित पाटीवर करायला लावतो, सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी.

३. वायूचा हिशेब करंट ठरवतो, खर्चाचा हिशेब व्होल्टेज

माझ्या मते या विषयाचं मर्म इथे आहे. फॅरडेने १८३०च्या दशकात दाखवलं की इलेक्ट्रोडवर किती पदार्थ सुटेल ते किती विद्युतभार वाहिला यावर अवलंबून असतं. १ अँपिअर करंट एक तास वाहिला की एका सेलमध्ये शून्य अंशाला मोजलेला ०.४१८ लिटर हायड्रोजन मिळतो. लाट चौकोनी असो की सरळ, सरासरी डीसी करंट तेवढाच असेल तर त्याहून जास्त वायू मिळणार नाही. उलटसुलट वाहणारा वेगवान करंट इलेक्ट्रोडलगतचा आयनांचा थर फक्त भरतो आणि रिकामा करतो. त्यातून वायू जवळजवळ सुटत नाही.

मग बचत कुठे करायची? व्होल्टेजमध्ये. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट लागतो, आणि बाहेरून उष्णता न घेता काम करायचं तर १.४८. सेल २ व्होल्टवर चालत असेल तर कार्यक्षमता झाली ७४ टक्के. सगळी बचत १.४८ आणि २ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे: साधारण एक चतुर्थांश. कारखान्यातही तेच चित्र. १ किलो हायड्रोजनमध्ये जळताना ३९.४ युनिट ऊर्जा असते आणि तो बनवायला आजच्या यंत्रांना साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणून कोणी ‘तिप्पट वायू’ म्हणालं की मी पुढचा प्रश्न मीटरबद्दल विचारतो.

४. पल्सवर साधा मल्टिमीटर विश्वासाचा नाही

समजा पुरवठा अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. चालू असताना १२ व्होल्ट, २ अँपिअर. खरी सरासरी शक्ती १२ वॉट. पण डीसी मीटर सरासरी व्होल्टेज ६ दाखवेल, सरासरी करंट १, आणि मुलगा वहीत ६ वॉट लिहील. कार्यक्षमता एका गुणाकारात दुप्पट! उपाय स्वस्त आहे. पल्स सर्किटच्या अलीकडे, डीसी पुरवठ्याच्या बाजूला मोठा कपॅसिटर टाकून तिथे मोजायचं. सर्किटमध्ये तापून गेलेली वीजही मग हिशेबात येते, आणि ती यायलाच हवी.

५. पनवेलची हवा वायू फुगवते

वायू आपण उलट्या नळकांड्यात, पाण्यावर गोळा करतो. पुस्तकातला ०.४१८ लिटर हा आकडा शून्य अंशाचा आणि कोरड्या वायूचा. आपल्याकडे खोलीत ३० अंश सहज असतात आणि वायूत पाण्याची वाफ मिसळलेली असते. तोच हायड्रोजन इथे सुमारे ०.४८ लिटर जागा घेतो. पंधरा टक्के ‘वाढ’, रेझोनन्सचा काही संबंध नसताना. सेल तापला की वाफ आणखी वाढते. तापमान लिहिल्याशिवाय वायूचं माप लिहू नये.

६. स्टॅन्ली मेयरचं नाव निघतंच

अमेरिकेतल्या ओहायोच्या या गृहस्थाने पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा केला. रेझोनन्सचं बरंच वेड त्याच्यापासून पसरलं. दोन गुंतवणूकदार न्यायालयात गेले, तज्ज्ञांनी सेल तपासला, त्यांना नेहमीचं विद्युत अपघटन दिसलं आणि १९९६ मध्ये न्यायालयाने ही फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. आपल्याकडे वनौषधींपासून पेट्रोल बनवल्याचा रामर पिल्लईचा दावा गाजला तोही १९९६ मध्येच. मेयर १९९८ मध्ये वारला आणि त्याच्या मृत्यूभोवती कथा रचल्या गेल्या. त्या कथांपेक्षा तज्ज्ञांची तपासणी मुलांना सांगण्यासारखी आहे.

७. ट्रकवाल्या दादांना दिलेला हिशेब

‘सर, हायड्रोजनचं किट लावू का? डिझेल वाचतं म्हणतात.’ असा प्रश्न मी ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याच्या कष्टाच्या पैशांची मला काळजी वाटते. किट १४ व्होल्टवर २० अँपिअर घेतं असं धरू, म्हणजे २८० वॉट. ते पुरवायला अल्टरनेटर इंजिनाकडून साधारण ४५० वॉट घेतो. सहा सेल सिरीजमध्ये असतील तर तासाला ५० लिटर हायड्रोजन मिळतो. तो जळून इंजिनाला परत मिळतात फार तर ७० वॉट. ४५० देऊन ७० घ्यायचे. हे पैसे टायर आणि इंजेक्टरच्या सर्व्हिसिंगवर घाला, असं मी स्पष्ट सांगतो.

८. तरीही पल्स आणि कंपनं टाकाऊ नाहीत

इलेक्ट्रोडला चिकटलेले बुडबुडे जागा अडवतात आणि व्होल्टेज चढतं. पल्समधल्या क्षणभराच्या विश्रांतीत ते सुटायला मदत होऊ शकते. २०२२ मध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी १० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी सेलला देऊन हायड्रोजनचा वेग १४ पट वाढल्याचं आणि ऊर्जेची निव्वळ बचत २७ टक्के असल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांचं द्रावण उदासीन होतं, जिथे सेल एरवी फार मंद चालतो. म्हणून १४ पट हा आकडा पोटॅशच्या सेलला लावता येणार नाही. पण दिशा खरी आहे. तिथे कंप पावतो तो पिझो स्फटिक, आणि हलतात ते बुडबुडे व इलेक्ट्रोडलगतचं पाणी. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजनचा बंध किलोहर्ट्झला हलत नाही. त्याची स्वतःची कंपनं १००,०००,०००,०००,००० हर्ट्झच्या घरात, इन्फ्रारेडमध्ये आहेत.

९. जिवाशी खेळ नको

हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी पेट घेतो, आणि अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र कधीही साठवू नये, बाटलीतही नाही, फुग्यातही नाही. पाण्यात मीठ टाकू नये, क्लोरीन सुटतो. स्टीलच्या धन इलेक्ट्रोडमधून विषारी क्रोमियम द्रावणात उतरू शकतं; ते पिवळसर पाणी मोरीत ओतायचं नाही. पोटॅश हाताळताना चष्मा आणि हातमोजे घातलेच पाहिजेत. माझ्याकडे हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी घरी जावं लागतं.

१०. पनवेलमध्येच मोठं काम झालं आहे

हे इथल्या मुलांना ठाऊक नसतं याची मला खंत आहे. इथल्या ओएनजीसीच्या आवारात त्यांच्या ऊर्जा केंद्राने, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या प्रा. गणपती यादव यांच्या गटाबरोबर, तांबे-क्लोरीन चक्रावर काम केलं. नुसत्या उष्णतेने पाणी फोडायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. या चक्रात तांब्याची क्लोराइडं मध्ये घालून तेच काम ५५० अंशांच्या आसपास, टप्प्याटप्प्याने होतं, आणि तांबं व क्लोरीन पुन्हा वापरात येतात. एक टप्पा विजेचा आहे, पण त्याला थेट पाणी फोडण्यापेक्षा कमी व्होल्टेज पुरतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी हायड्रोजनवर चालणारी बस २०२२ मध्ये रस्त्यावर आणली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, त्याच वर्षी महाराष्ट्राचंही धोरण आलं. या क्षेत्रात नोकऱ्या निघतील त्या सेलचं व्होल्टेज शंभरेक मिलिव्होल्टने खाली आणणाऱ्यांसाठी.

म्हणून माझ्याकडे आता निकेलच्या जाळ्यांवर काम चालतं. करंट ठरलेला ठेवायचा आणि कोणत्या जाळीवर किती व्होल्ट लागतात, द्रावण ७० अंशांपर्यंत तापवल्यावर ते किती उतरतात, याची नोंद करायची. सिग्नल जनरेटर आणि कॉइल त्याच टेबलावर आहेत. कॉइलवर अजूनही रेझोनन्सचा धडा होतो, आणि जनरेटरने मुलं इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स मोजतात. बुडबुड्यांनी किती पृष्ठभाग अडवला आहे याचा अंदाज त्यातून येतो.