मोटारीची ओढ चालतां चालतां कमी झाली तर

विद्यार्थिमित्रहो, आपला प्रदेश म्हणजे मोटारींचें माहेरच होय. पिंपरीस टाटांचा व आकुर्डीस बजाजांचा कारखाना उभा राहिला, आणि २००९ सालीं चाकण येथें फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं या धंद्याशीं संबंध असलेलें एखादें तरी माणूस असेल. तथापि गाड्या जेथें तयार होतात तेथेंही, रस्त्यांत गाडी ओढेनाशी झाली म्हणजे चालक गोंधळतो व पाय अधिकच जोरानें दाबूं लागतो. अशा वेळीं काय करावें, व असें कां होतें, याचा येथें विचार करूं.

समजा, मोशीहून चाकणकडे नाशिक रस्त्यानें जात असतां गाडीचा पिकअप एकाएकीं गेला. मागून मालानें भरलेले ट्रक येत आहेत. त्या क्षणीं कारण शोधीत बसूं नये. जो वेग शिल्लक आहे तेंच आपलें भांडवल. तेवढ्यांत डावीकडील इंडिकेटर लावून, आरशांत पाहून, गाडी रस्त्याच्या कडेला आणावी. इंजिन अगदींच बंद पडलें तर स्टिअरिंग व ब्रेक जड होतात, कारण त्यांना इंजिनाकडून मिळणारें साहाय्य थांबतें. परंतु ते निकामी होत नाहींत. ब्रेक पुन्हां पुन्हां न मारतां एकदांच जोरानें दाबून धरावा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढूं नये, नाहींतर स्टिअरिंगला कुलूप बसण्याचा धोका असतो. थांबल्यावर चारही इंडिकेटर लावावे, तांबडा त्रिकोण सुमारें ५० मीटर मागें ठेवावा, व सर्वांनीं डाव्या दारानें उतरून कठड्यापलीकडे उभें राहावें. उभ्या गाडींत बसून टेलिफोन करीत राहणें हें, आमच्या मतें, घाट उतरतांना ब्रेक सोडण्याइतकेंच अविचाराचें आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठीं १०३३ हा क्रमांक आहे.

आतां कारणांकडे वळूं. पहिली परीक्षा कानानें करावयाची. हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी पुढें सरत नाहीं व जळका वास येतो, तर क्लच घसरत आहे असें समजावें. आवाजच चढत नसेल, तर दोष बहुधा इंजिनाकडे आहे.

इंजिनाला हवा हवी, इंधन हवें, तें योग्य वेळीं पेटावयास हवें, आणि जळलेल्या वायूला बाहेर पडावयास वाट हवी. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीची हवेची गाळणी लवकर भरते. इंधनाची गाळणी तुंबली असेल तर सपाटीवर तें कळत नाहीं. चढणीवर मागणी वाढतांच कळतें. जुन्या काळीं बोरघाट चढतांना पेट्रोलची नळींतच वाफ होई, व चालक पंपावर ओलें फडकें टाकून बसत! आतां पंप टाकींतच बसवितात व पेट्रोल दाबाखालीं येतें, म्हणून तो प्रकार फारसा राहिला नाहीं. गाडी गचके देत चालत असेल तर एखादा प्लग पेटत नसण्याचा संभव असतो.

डिझेलच्या नव्या गाड्यांत मात्र चौथेंच कारण पुष्कळदां आढळतें. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम लागू झाला, आणि धुरांतील काजळी अडविणारी गाळणी या गाड्यांत आली. कारागीर तिला डी.पी.एफ. म्हणतात. सांचलेली काजळी सुमारें ६०० अंश उष्णतेंत जाळून ही गाळणी स्वतःस साफ करते. पण त्यासाठीं गाडी कांहीं वेळ एकसारखी धांवावी लागते. चाकणच्या तळेगांव चौकांत रांगेंत मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या गाडीला ती उष्णता कोठून मिळणार? ज्या गांवीं मोटारी घडतात तेथील गर्दीच त्यांचा श्वास कोंडते, ही गंमत नव्हे काय! गाळणीचा दिवा लागला असेल, व दुसरा कोणताही नसेल, तर गाडीसोबतच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें मोकळ्या रस्त्यावर ती कांहीं वेळ एकसारख्या वेगानें चालवावी. इंजिनाचाही दिवा लागून ओढ गेली, तर हा उपाय करीत न बसतां कारखाना गांठावा.

कारण त्या वेळीं गाडी बिघडलेली असते इतकेंच नव्हे, तर तिनें आपण होऊन शक्ति आवरलेली असते. आजच्या गाडींत पायाखालच्या दांडीस तार नसून दोन विद्युत्‌-संवेदक असतात. दोघांची साक्ष जुळली नाहीं तर गाडींतील संगणक इंजिनास मर्यादा घालतो. यास लिम्प मोड म्हणतात, म्हणजे लंगडत कां होईना, पण सुखरूप पोंचण्याची सोय. किल्ली बंद करून पुन्हां चालू केल्यावर गाडी कधीं कधीं सुरळीत धांवूं लागते. तरी दोष संगणकाच्या स्मरणांत नोंदलेला असतो, व यंत्र जोडून तो वाचतां येतो.

मेकॅनिककडे जातांना एका कागदावर लिहून न्यावें: ओढ कोणत्या वेगाला गेली, चढ होता कीं सपाटी, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, धूर काळा होता कीं पांढरा, कोणता दिवा लागला, आणि शेवटचें इंधन कोठें व केव्हां भरलें.