गांडूळ आणि मांडूळ

पाऊस पडून गेला, जमिनीला वाफसा आला, की नांगरामागे ढेकळांत कधी कधी दोन प्राणी दिसतात. एक गांडूळ, दुसरे मांडूळ. नावे जुळ्या भावांसारखी. दोघांना हात नाहीत, पाय नाहीत. दोघेही मातीत राहतात. रंगही मातकट तांबूस. मग हे दोघे भाऊबंद म्हणायचे का?

मुळीच नाही. गांडुळापेक्षा मांडुळाचे नाते तुमच्या बैलाशी जवळचे आहे. तुमच्याशीसुद्धा! हसू आले ना? पण ते खरे आहे.

आपल्या पाठीवरून मधोमध बोट फिरवून पाहा. मानेपासून कमरेपर्यंत टणक गाठी लागतात. त्या एकेका गाठीला मणका म्हणतात. मणक्यांची माळ म्हणजे पाठीचा कणा. पुस्तकात त्याला पृष्ठवंश म्हणतात. पृष्ठ म्हणजे पाठ, आणि वंश म्हणजे वेळू. पाठीतला वेळू! नाव मोठे नामी ठेवले आहे. हा कणा बैलाला आहे, कोंबडीला आहे. मासळी खाताना मधला मोठा काटा आपण बाजूला काढतो, तो माशाचा कणाच. मांडुळालाही कणा आहे, कारण मांडूळ हा साप आहे. गांडुळाला मात्र कणा नाही. कणाच काय, एकही हाड नाही. त्याचे अंग म्हणजे एकापुढे एक लावलेली मऊ कडी. त्याला डोळे नाहीत. फुफ्फुसे नाहीत. ओल्या कातडीतूनच ते श्वास घेते.

प्राण्यांची वर्गवारी करताना शास्त्रज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतात : कणा आहे की नाही? विंचू, खेकडा, गोगलगाय, मधमाशी यांना कणा नाही. जगातले बहुतेक प्राणी या बिनकण्याच्या बाजूचेच आहेत. कणा असलेल्यांची ढोबळ मानाने पाच घराणी सांगतात. मासे, बेडकासारखे उभयचर, साप, पाल, कासव असे खवल्यांचे सरपटणारे प्राणी, पक्षी, आणि पिलांना अंगावर पाजणारे सस्तन प्राणी.

कोण कुठे राहतो, यावरून घराणे ठरत नाही. वटवाघूळ आकाशात उडते, पण ते पाखरू नव्हे. त्याला पिसे नसतात, अंगावर केस असतात. ते पिलाला दूध पाजते. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. समुद्रातला देवमासाही नावाचाच मासा. तोही पिलाला दूध पाजतो. स्वीडन देशात कार्ल लिनियस नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने 1758 साली आपल्या ग्रंथात देवमाशाला माशांतून उचलले आणि गाई-माणसांच्या घराण्यात बसवले. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दी नाव देण्याची रीतही त्यानेच रूढ केली. आपल्या नागाचे शास्त्रीय नाव आहे 'नाजा नाजा'. 'नाजा' हा शब्द आला कुठून? आपल्याच 'नाग' शब्दावरून!

आता सापाच्या शरीरात डोकावू. बोकड सोलताना आपण पाहिलेले असते. काळीज, गुर्दा, वजडी हे शब्द आपल्या ओळखीचे. काळीज म्हणजे यकृत. गुर्दा म्हणजे मूत्रपिंड. वजडी म्हणजे जठर आणि आतडी. (गाण्यात 'काळीज' म्हटले की मनात हृदय असते. खाटकाकडे मागितले की यकृत मिळते. घोटाळा करू नये.) हे सगळे अवयव सापालाही आहेत. पण अंग पडले दोरीसारखे, तेव्हा ते एकामागे एक लांबट बसवलेले. आपली मूत्रपिंडे शेजारी शेजारी असतात, सापाची मागेपुढे. फुफ्फुस बहुधा उजवे तेवढे कामाचे, लांबच लांब. आपल्या कण्यात पुरते 35 मणकेही नसतात. सापाला दोनशेच्या वर असतात, काहींना चारशेपर्यंत.

सापाचे तोंड नीट समजून घ्या, कारण इथे मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, "धामण गाईच्या पायांना विळखा घालते नि दूध पिते." दूध चोखायला मऊ ओठ लागतात, गाल लागतात. वासराला ते आहेत. सापाला नाहीत. सापाचे दात सुईसारखे आणि आत वळलेले. ते आचळाला लागले, तर गाय लाथ मारल्याशिवाय राहील का? धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. जो उंदीर तुमची जोंधळ्याची कणगी फोडतो, त्याला ती खाते. तिला विष नाही. तरी दिसली की काठी पडते. नुकसान कोणाचे, ते तुम्हीच ठरवा.

मांडुळाचेही तसेच. "त्याला दोन तोंडे असतात," म्हणतात. तोंड एकच. शेपटी आखूड आणि बोथट असते, म्हणून ती तोंडासारखी दिसते. धोका वाटला की मांडूळ डोके अंगाखाली लपवते आणि शेपटी पुढे करते. त्यालाही विष नाही. पण 'गुप्तधन दाखवते', 'लाखाला विकले जाते' अशा थापा मारणारे गावोगाव हिंडतात. कोणी त्यापायी पैसे घालवतो, कोणी तुरुंगात जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे.

मग विषारी कोण? आपल्याकडे बहुतेक विषबाधा चार सापांमुळे होते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. विष म्हणजे एका परीने सापाची लाळच. डोळ्यामागे तिची पिशवी असते, तिला ग्रंथी म्हणतात. चावताना ते विष पोकळ दातातून आत उतरते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर चालते. पापण्या जड होतात, श्वास बंद पडू लागतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर चालते. रक्त गोठेनासे होते.

यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी सापही आहेत. कवड्या मण्यारीसारखा दिसतो. दुरक्या घोणस हा मांडुळाचा भाऊबंद, पण दिसतो घोणशीसारखा. म्हणून रात्री, घाईत, "हा बिनविषारीच" असे कोणी सांगितले तरी भरवसा ठेवू नये.

इथेच मांत्रिकाचे फावते. चावणारे पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस मंत्र न टाकताही वाचलाच असता. पण नाव होते मांत्रिकाचे! आणि मण्यार चावलेला माणूस त्याच भरवशावर ओट्यावर बसून राहतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसे दुखत नाही, सूजही नसते. पहाटेपर्यंत बोलणे बंद होते.

साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावे. माणसाला धीर द्यावा, चालवू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. 108 ला फोन करावा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा. तिथे सर्पविषावरची लस असते. ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याला विष थोडे थोडे टोचतात, आणि त्याचे रक्त विषाला मारक असा पदार्थ तयार करते. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम अनेक वर्षे होत आले आहे. ही एकच लस वरच्या चारही सापांवर चालते. म्हणून डॉक्टरांना दाखवण्यासाठी साप शोधत, मारत बसायची गरज नाही. तेवढा वेळ गाडी जोडायला द्यावा.