खारजमिनीचे बांध आणि चढता समुद्र

कोकणात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या काठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली भातजमीन आहे. हीच खारजमीन होय. तिचे पीक सर्वस्वी बांधावर अवलंबून असते. उधाणात बांधास खांड पडली, तर खारे पाणी शिरून उभे भात नासते आणि मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढील हंगामही धोक्यात येतो.

समुद्र तापून त्याचे पाणी प्रसरण पावत आहे व हिमनद्या वितळत आहेत. त्यामुळे 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरांनी वाढली. 2006 ते 2018 या काळात ही वाढ दरवर्षी 3.7 मिलिमीटर होती. हीच गती राहिली तरी तीस वर्षांत पाणी 11 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धी वीत चढेल. बांधाच्या माथ्यावरून पाणी जाण्यास एवढी वाढही पुरते. शिवाय ओहोटीच्या वेळी उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाण्यास मिळणारा अवधी कमी होतो.

यास्तव गावाने पुढील कामे करावीत.

1. पावसाळ्यातील अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणांत पाणी कोठवर चढले याची खूण पक्क्या खांबावर करावी व वर्षवार नोंद ठेवावी. बांधाची उंची या नोंदीवरून ठरवावी.

2. भातकापणीनंतर गावकऱ्यांनी संपूर्ण बांध पायी तपासावा. खेकड्यांची बिळे बुजवावीत, खचलेला भाग भरावा व उघाडीची झडप दुरुस्त करावी. खांड पडल्यास पुढील उधाणापूर्वी, म्हणजे पंधरवड्याच्या आत बुजवावी.

3. बांधाबाहेरील तिवर तोडू नये. कांदळवन लाटांचा जोर मोडते व गाळ धरून ठेवते.

4. पहिल्या पावसाचे पाणी शेतात साठवून ओहोटीस उघाडीतून सोडावे, मीठ धुपते. रोपावस्थेत व फुलोऱ्यात भातास क्षार विशेष बाधतो, म्हणून पनवेल येथील संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2 व 3 यांसारख्या क्षारसहिष्णु जाती निवडाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही नोंदवही ग्रामसभेपुढे ठेवावी. बांध एकाचा नसतो. एका शेतकऱ्याने आपला तुकडा दुर्लक्षिला, तर त्या वाटेने आलेले पाणी साऱ्या गावाचे भात बुडविते.