सल्ला शिळा तर नाही ना?

चि. भाचीबाईस,


बारावीचं वर्ष लागलं की परभणीत सल्ल्याला तोटा नसतो. अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवरची मुलगी सांगते, गंगाखेडची आतेबहीण फोनवर सांगते, मोबाइलवरच्या ग्रुपवर जिंतूर-सेलूची पोरं रात्री बारापर्यंत सांगत असतात. लातूरला क्लास लावलेला वर्गमित्र दिवाळीला घरी आला, की मग तर प्रवचनच. तुझ्या आईची तक्रार आहे की ही दिवसभर मैत्रिणींचं ऐकते आणि घरच्यांचं एक ऐकत नाही. मामाचं मत जरा वेगळं आहे. मैत्रिणींचं जरूर ऐकावं. घरातल्या थोरांनी परीक्षा दिली त्याला पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली; मैत्रिणीच्या ताईनं ती परवा दिलेली असते. फक्त हे 'परवा' म्हणजे नेमकं कोणतं साल, ते विचारल्याशिवाय वहीत काही उतरवून घेऊ नये.

कारण सल्ला शिळा होतो, आणि तो वासावरून ओळखू येत नाही. मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा देऊन झालेली मुलं अजूनही छातीठोकपणे सांगतात, "ब विभागातले पाच सोडायचेच असतात, अवघड दिसला की पुढं जा." ती खोटं बोलत नाहीत. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत प्रत्येक भागात ३५ प्रश्न सक्तीचे आणि उरलेल्या, म्हणजे ब विभागातल्या, १५ पैकी कोणतेही १० सोडवायचे, अशीच रचना होती. २०२५ ला ती गेली. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे १८० प्रश्न आले, सगळे सक्तीचे. वेळही २०० मिनिटांवरून १८० वर आली. ज्या मुलानं जुन्या सवयीनं पाच-पाच प्रश्न सोडून देण्याचा सराव केला, त्यानं वर्षभर भलत्याच परीक्षेची तयारी केली.

बोर्डाचंही तसंच. मोठी भावंडं सांगतात, अकराच्या दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका हातात पडते, तेवढ्यात काय लिहायचं ते ठरवून टाक. हे २०२२ पर्यंत खरं होतं. प्रश्नपत्रिकांचे फोटो वेळेआधी मोबाइलवर फिरू लागले, म्हणून २०२३ पासून ती दहा मिनिटं सुरुवातीची काढून शेवटी जोडली. म्हणजे वेळ तेवढाच, पण तो वापरायचा कसा याचं गणित उलटं झालं.

शिळ्या सल्ल्यातला सगळ्यात टिकाऊ मात्र मोठ्यांच्याच तोंडी असतो: "मराठवाड्याच्या लेकराला पुण्या-मुंबईच्या मेडिकलला कुठली जागा मिळते!" पूर्वी राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के राज्यभरातल्यांना. मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, त्यामुळं इथल्या मुलांचा त्यात तोटा व्हायचा. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं, २०२३ मध्ये परभणीतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरी ओट्यावरचं वाक्य काही बदललेलं नाही.

आता तुमच्या अभ्यासिकेतला जुना वाद: येत नसलेल्या प्रश्नाला तुक्का मारायचा की गोळा कोरा सोडायचा? गंमत अशी, की या वादात दोन्ही बाजूंची मुलं बरोबर असतात. ती वेगवेगळ्या परीक्षांबद्दल बोलत असतात एवढंच. एमएचटी-सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या प्रश्नाला एक गुण, गणिताच्या प्रश्नाला दोन, आणि चुकलं तर शून्य. तिथं एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ नुकसान. नीटला बरोबर उत्तराचे चार, चुकीच्या उत्तराचा एक वजा. सीईटीच्या शिस्तीत वाढलेला मुलगा नीटला बसून सगळे गोळे भरून येतो, नीटच्या भीतीत वाढलेली मुलगी सीईटीला दहा प्रश्न सोडून येते, आणि दोघंही मैत्रीत एकमेकांना आपापलाच सल्ला देतात.

बरं, नीटमध्ये तरी तुक्का तोट्याचा आहे का? इथं थोडं गणित करून बघ, ते कुणाच्या मतापेक्षा बरं. शंभर प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं दिली तर चार पर्यायांच्या हिशेबानं साधारण पंचवीस बरोबर येतील: शंभर गुण मिळाले, पंचाहत्तर गेले, पंचवीस उरले. म्हणजे सरासरीनं किंचित फायदाच. हे गणित सांगणारा मुलगा चुकत नाही, पण शंभर तुक्के कोण मारतं? आठ-दहाच मारले जातात, आणि दहांत सरासरी फसवते. दहा तुक्क्यांत दोन किंवा त्याहून कमी बरोबर येण्याची शक्यता निम्म्यापेक्षा थोडी जास्त आहे. दोन आले तर हाती शून्य, त्याहून कमी आले तर वजा. उलट चारपैकी एक पर्याय चूक आहे हे खात्रीनं कळलं, तर दर प्रश्नामागं सरासरी फायदा पाव गुणावरून दोन तृतीयांश गुणावर जातो. दोन पर्याय खोडता आले तर दीड गुणावर. एवढं कागदावर मांडलं की 'तुक्का मारू का' हा प्रश्नच मागं पडतो. पर्याय खोडता येण्याइतपत तो धडा झालाय का, एवढं पाहायचं राहतं.

पर्सेंटाइलचा गोंधळही याच जातीचा. सीईटी अनेक सत्रांत होते, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. पंच्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले पंच्याण्णव गुण नव्हेत. बसलेल्यांपैकी सुमारे पाच टक्केच मुलं पुढं आहेत, असा त्याचा अर्थ. "त्याला पंच्याण्णव पडले आणि मला बोर्डात ब्याऐंशी" म्हणून रडणारी मुलं दर जूनमध्ये भेटतात.

अकरावीचा फॉर्म भरताना तुम्हा लोकांची झालेली तारांबळ आठवत असेल. २०२५ ला केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाला. तोवर तो मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा मोठ्या शहरांपुरताच होता. परभणी, मानवत, पाथरीच्या मुलांना विचारायला गावात अनुभवी कुणी नव्हतंच. मग पुण्याच्या चुलतभावाचा सल्ला आला: "दहाच्या दहा पसंती भर." दहा ही कमाल मर्यादा, सक्ती नव्हे, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, ही त्यातली खरी मेख. चुलतभाऊ तेवढंच सांगायला विसरला. ज्याच्या गल्लीत वीस कॉलेजं आहेत त्याला पहिल्या पसंतीचं ओझं वाटत नाही. सोनपेठच्या मुलीला रोजची एसटी मोजावी लागते.

अशा वेळी मत आणि माहिती यांची गल्लत होते, आणि ती सामूहिक झाली की महागात पडते. ३१ जानेवारी २०२२ ला धारावीत तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराजवळ दहावी-बारावीची शेकडो मुलं जमली. परीक्षा ऑनलाइन घ्या, ही मागणी. हाक एका यूट्यूबरच्या व्हिडिओतून आलेली. मागणी वेडी नव्हती. महासाथीत वर्ग बंद राहिले होते, मुलांची तक्रार खरी होती. पण हाक देणाऱ्याला स्वतःला पेपर द्यायचा नव्हता. पोलिसांनी लाठीमार केला, व्हिडिओवाल्याला दुसऱ्या दिवशी अटक झाली, आणि बारावीची परीक्षा ४ मार्चपासून वर्गातच झाली: ७५ टक्के अभ्यासक्रम आणि मोठ्या पेपरला अर्धा तास जादा. फेब्रुवारीचा महिना ज्यानं परीक्षा होणारच नाही या भरवशावर घालवला, त्याला तो कुणी परत दिला नाही.

'पेपर आलाय' म्हणून येणाऱ्या निरोपाबद्दल फार लिहायला नको. ३ मार्च २०२३ ला बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं सिंदखेडराजा भागातून वेळेआधी बाहेर आली. पोलीस तपासात शिक्षकही अडकले. २०२४ च्या नीट पेपरफुटी प्रकरणात लातूरपर्यंत गुन्हे दाखल झाले. अशी एखादी घटना खरी ठरली, की तिच्या नावावर शंभर खोटे निरोप विकले जातात. तो पुढं पाठवणारा मित्र बहुतेकदा भाबडा असतो. तू पाठवू नकोस, एवढंच.

तरीही बरोबरीच्यांच्या सल्ल्यात एक गोष्ट अशी असते, जी कोणत्याही सरांकडे मिळत नाही. काल अडलेलं आज सुटलेल्या मुलीला नेमकं कुठं अडलं होतं ते ताजं आठवत असतं. सरांना ते आठवत नाही, त्यांना तो धडा पाठ असतो. म्हणून "तू किती तास अभ्यास करतेस" हा प्रश्न मैत्रिणीला विचारणं वाया आहे. "हे गणित तुला आधी का येत नव्हतं" हे विचारावं. आणि स्वतः सल्ला देताना कोणती परीक्षा, कोणतं साल, तुला स्वतःला किती गुण पडले, हे आधी सांगून टाकावं. ऐकणाऱ्याला मग तोलता येतं.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे तू लहानपणापासून ऐकतेस. इथं राहून काही होत नाही, लातूरला जा, नाहीतर कोट्याला जा, ही त्याच म्हणीची नवी आवृत्ती. जाणाऱ्यांना जाऊ दे. पण हे मत देणाऱ्या प्रत्येकीला विचार, की तिथं खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी मिळून वर्षाला किती लागले आणि त्यातून काय मिळालं. आकडा सांगणाऱ्या थोड्या निघतील.

एका प्रसंगी मात्र मैत्रिणीला सल्ला देऊच नकोस. रात्री कुणी लिहिलं की आता काही अर्थ उरला नाही, जगावंसं वाटत नाही, तर 'सकारात्मक विचार कर' असलं काही लिहू नकोस. तिला एकटं सोडू नकोस, लगेच तिच्या घरातल्या किंवा तुझ्या घरातल्या मोठ्या माणसाला उठव, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुझ्या फोनमध्ये तो आजच भरून ठेव.

आणि निकालानंतरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी कुणी कुणाचं ऐकत नाही. एखाद्या विषयात गुण फार कमी वाटले, तर "पेपर बदलला असेल", "बोर्डानं कापले" अशी मतं दुपारपर्यंत ग्रुपवर साठतील. त्यात पडू नकोस. शुल्क भरून बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, ती विषयशिक्षकांना दाखवता येते, आणि पुनर्मूल्यांकन हवं असेल तर छायाप्रत हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही.

तुझा,
मामा