कृत्रिम दाताचे माप : ठशाने की प्रकाशाने?

पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगत डहाणू व तलासरी हे तालुके वसलेले आहेत. २०१३ साली उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली; तलासरीतून तर मुंबई-अहमदाबाद महामार्गच जातो. तथापि आतल्या पाड्यावरील मजुरास शहरातील दंतवैद्याकडे केलेली एक खेप म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर सोडलेले पाणी होय. म्हणूनच दाताचे माप पहिल्याच खेपेस अचूक मिळणे ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते.

अचूकतेचे महत्त्व

दंतरोपणात गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवितात. स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली मानवावर हा उपचार प्रथम केला. साधारणतः तीन ते सहा महिन्यांत हाड व धातू एकजीव होतात. त्यानंतर वर दाताची टोपी, म्हणजेच कॅप, चढवितात. नैसर्गिक दात व हाड यांच्यामध्ये लवचीक तंतूंचा थर असतो. त्यामुळे दात किंचित हलून ताण सोसतो. रोपणाला असा थर नसतो. साहजिकच टोपी थोडीही चुकीची बसली, तरी तो ताण स्क्रूवर व हाडावर येतो. स्क्रू सैल होणे, टोपीचा तुकडा उडणे अशा तक्रारी त्यातून उद्भवू शकतात.

दोन पद्धती

रूढ पद्धतीत रोपणावर एक धातूची खुंटी बसवून, ट्रेमध्ये सिलिकॉन किंवा पॉलिइथर हा रबरासारखा पदार्थ भरून तो काही मिनिटे तोंडात धरतात. घट्ट झालेल्या ठशावरून प्रयोगशाळेत प्लास्टरचा साचा ओततात. ही पद्धत अनुभवाने पारखलेली असून तिची साधने स्वस्त आहेत. मात्र अनेकांना ट्रेने ओकारी येते. शिवाय ठशात बुडबुडा राहिला वा खुंटी हलली, तर तो दोष पुष्कळदा प्रयोगशाळेतच उघडकीस येतो आणि रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते.

अंकीय पद्धतीची कल्पना फ्रान्सच्या द्युरे यांनी १९७३ साली मांडली, तर १९८५ साली झुरिच येथे अशा मापावरून पहिले दंतभरण बसविण्यात आले. हीत रोपणावर विशिष्ट आकाराचा खुणेचा तुकडा बसवून छोट्या कॅमेऱ्याने तोंडाची अनेक चित्रे घेतात. संगणक ती जोडून त्रिमितीय आकृती तयार करतो. राहिलेला भाग रुग्ण खुर्चीवर असतानाच पडद्यावर दिसतो व तेवढाच पुन्हा टिपता येतो. माप पार्सलाने न जाता तारायंत्राच्या वेगाने प्रयोगशाळेत पोहोचते.

तथापि लाळ वा रक्त आड आल्यास कॅमेराही फसतो. यंत्राची किंमत लाखांत जाते. वीज व इंटरनेट यांचीही आवश्यकता असते.

निवड कशी करावी?

एक किंवा लगतच्या दोन-तीन दातांसाठी दोन्ही पद्धती समाधानकारक असल्याचा अनुभव आहे. संपूर्ण जबड्याच्या कामात मात्र चित्रे जोडताना लहान लहान चुका साठत जातात; म्हणून तेथे खुंट्या एकमेकींस पक्क्या जोडून घेतलेल्या ठशावर आजही अनेक तज्ज्ञ भिस्त ठेवतात. यंत्र नवे म्हणून उपचार श्रेष्ठ, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. कुशल हाताने घेतलेला साधा ठसा निष्काळजी चित्रणापेक्षा केव्हाही सरस होय.

एकूण खेपा किती, माप चुकल्यास पुन्हा खर्च कोणाचा आणि पुढील तपासणी कोठे होणार, हे तीन प्रश्न रुग्णाने आधीच विचारावेत. दंतरोपण प्रत्येकास आवश्यक असतेच असे नाही. अनेकांचे काम चांगल्या कवळीनेही भागते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती पाड्यापाड्यांवर पोहोचवावी, तसेच मशेरी व तंबाखूपासून तरुणांना परावृत्त करावे. कोणत्याही पद्धतीने माप घेण्याची वेळच येऊ नये, यातच खरे हित आहे.