कर्ज फिटलं, तरी फोन वाजला की धडधडतं?

धंद्यात एकदा जबर फटका बसला की पुढे सगळं सावरलं, तरी अनोळखी नंबर पाहून हात थरथरतात. तुम्हाला वाटतं, आपण भित्रे झालो. तसं नाहीये.

आपल्याला न विचारता चालणारी एक यंत्रणा शरीरात असते: स्वायत्त मज्जासंस्था. सिंपथेटिक भाग म्हणजे तिचा अ‍ॅक्सिलरेटर. धोका दिसला की ठोके वाढवतो, पचन मंदावतो. पॅरासिंपथेटिक भाग म्हणजे ब्रेक; त्यातली मुख्य नस व्हेगस, मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी. मोठ्या आघातानंतर धोका टळला, तरी अ‍ॅक्सिलरेटर पटकन दाबला जातो. म्हणून "विसरून जा" म्हणून भागत नाही. अनेक थेरपिस्ट आधी शरीर शांत करायला शिकवतात, मग हळूहळू त्या आठवणीकडे नेतात.

आजचा होमवर्क: फोन उचलण्याआधी ४ मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा. असं पाच वेळा. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात. मगच बोला. धडधडत्या छातीने दिलेला भाव महागात पडतो!

आणि महिना झाला तरी झोप लागत नसेल, तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, २४ तास. सीएला विचारताना लाजता का? मग इथेही लाजू नका.